सोनेरी वहीतली नावं

मागच्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुन्हा तुळाजी आंग्रे निघाले, कान्होजी आंग्र्यांचे चिरंजीव आणि विजयदुर्गच्या आरमाराचे प्रमुख. रेवदंडा-अलिबागच्या माणसांत हा विषय कधी शिळा होत नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये जमिनीवरून नानासाहेब पेशव्यांची फौज आणि समुद्रातून इंग्रजांची जहाजं अशा कात्रीत विजयदुर्ग सापडला. इंग्रजांच्या तोफांनी आग लागली आणि आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळून गेलं. "आपलं आपणच जाळलं, फितुरीने घात केला," असं एका चुलतभावाने लिहिलं. दुसऱ्याने तुळाजींनी पेशव्यांना काय काय त्रास दिला होता ते मोजून दाखवलं. मग बोलणं नेहमीच्या वाटेने आजवर आलं. तालुक्यातल्या जमिनी मुंबईवाल्यांनी घेतल्या, कामधंदा परप्रांतीयांनी घेतला, आता तरी बाहेरच्यांना दार लावा. मी मध्ये दोन ओळी लिहिल्या, तर दादाचं उत्तर आलं, "तू तिकडे इटलीत बसून काय सांगतेस? इथलं भोगतोय कोण?"

त्याला मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. लिहायचं ते लांबलचक आहे, आणि मी चौदा वर्षं जिथे राहते त्या मुलखाची गोष्ट सांगितल्याशिवाय ते लिहिता येत नाही.

मी मेस्त्रेला राहते. व्हेनिसची गाडी पुलावरून पाण्यात शिरते त्याआधीचं शेवटचं मोठं स्टेशन हे. मार्गेराच्या गोदीत जहाजांच्या पाइपांचे आराखडे करणं हे माझं काम. रविवारी लेकीला घेऊन पलीकडे जाते. व्हेनिस म्हटलं की आपल्याकडे नावा आणि कालवे डोळ्यांपुढे येतात. हे गाव एकेकाळी राज्य होतं, राजा नसलेलं राज्य, आणि पूर्व भूमध्य समुद्रावर त्याचा वचक होता, हे मलाही इथे येईपर्यंत धड माहीत नव्हतं. इथले लोक त्या राज्याचं वय अकराशे वर्षं धरतात. ते बुडालं मात्र एका दुपारी.

तारीख १२ मे १७९७. नेपोलियनचं सैन्य खाडीच्या काठाला येऊन ठेपलेलं. राजवाड्यातल्या भल्यामोठ्या दालनात सरदारांची महासभा बोलावली होती. निर्णयाला सहाशे जणांची गणसंख्या लागायची, आले पाचशे सदतीस. राज्याचा निवडलेला प्रमुख, ज्याला दोजे म्हणत, तो लुदोविको मानिन रडवेल्या आवाजात ठराव मांडत होता. सत्ता सोडायची आणि फ्रेंच म्हणतील तसा कारभार मान्य करायचा, हा तो ठराव. तेवढ्यात बाहेर बंदुकांचे बार झाले. घरी परत पाठवलेले, समोरच्या किनाऱ्यावरच्या डाल्मेशियाचे शिपाई जहाजावरून शहराला अखेरची सलामी देत होते. आतल्यांना वाटलं, दंगल उसळली. चर्चा तिथेच थांबली आणि घाईघाईने मतं टाकली गेली. पाचशे बारा जणांनी आपलं राज्य मोडायच्या बाजूने मत दिलं आणि बरेचसे सरदार अंगावरचे झगे टाकून मागच्या दारांनी पसार झाले. मानिनने आपल्या दालनात जाऊन दोजेच्या टोपीखालची पांढरी टोपी उतरवली आणि नोकराच्या हातात दिली. "घे, आता मला ही लागणार नाही."

पण त्याच वेळी बाहेर चौकात काय चाललं होतं? मासे विकणारे, नावाडी, गोदीतले कामगार असे लोक जमून "विवा सान मार्को", म्हणजे संत मार्कोचा जय असो, म्हणून ओरडत होते, शहराचा पालक असलेल्या त्या संताचा सिंह असलेले झेंडे पुन्हा खांबांवर चढवत होते. फ्रेंचांची बाजू घेणाऱ्यांची घरं त्यांनी फोडली. शेवटी बाजारपेठेतल्या रिआल्तोच्या पुलावरून त्यांच्यावरच तोफ डागली गेली. ज्यांना आयुष्यात एकदाही मत द्यायला मिळालं नव्हतं, ते राज्यासाठी रस्त्यावर उतरले होते. ज्यांच्या नावाने राज्य होतं, ते मागच्या दाराने निघून गेले. त्या दालनात मी तीन-चारदा उभी राहिले आहे, आणि दर वेळी मला बाहेरचा तो आवाज ऐकू आल्यासारखा वाटतो.

हे कसं झालं यावर इथेही आपल्यासारखीच भांडणं आहेत. माझ्या शेजारच्या सिन्योरा ऐंशीच्या पुढच्या आहेत, खुद्द व्हेनिसमध्ये जन्मलेल्या, भाडी परवडेनात म्हणून मेस्त्रेला आलेल्या. त्यांच्या लेखी दोषी दोनच, लुटारू नेपोलियन आणि भेकड मानिन. मानिनचा उल्लेख त्या "तो फुरलान" असा करतात. फुरलान म्हणजे शेजारच्या फ्रिउली प्रांताचा, थोडक्यात बाहेरचा. १७८९ मध्ये मानिन निवडून आला तेव्हा हरलेल्या एका जुन्या सरदाराने "फुरलान दोजे झाला, राज्य मेलं" असे उद्गार काढल्याची आख्यायिका आहे. सव्वादोनशे वर्षं झाली तरी ते वाक्य स्वयंपाकघरात जिवंत आहे. सिन्योरांचा मला लळा आहे, माझ्या लेकीला त्यांनी नातीसारखं वाढवलं. तरीही मला त्यांचं म्हणणं पटत नाही. दादाचंही पटत नाही, आणि दोन्ही न पटण्याचं कारण एकच आहे. दोघांच्या मते आत सगळं नीट होतं, बिघडवलं ते बाहेरच्याने नाहीतर फितुराने.

हे शहर मुळात मोठं कसं झालं? बाराव्या-तेराव्या शतकात इथे भागीदारीची एक साधी रीत होती, तिला 'कोल्लेगांत्सा' म्हणत. पैसेवाला घरी बसून भांडवल घालायचा. ज्याच्याजवळ छदामही नाही असा तरुण माल घेऊन अलेक्झांड्रियाला नाहीतर कॉन्स्टँटिनोपलला जायचा. परत आला की नफ्यातला चौथा हिस्सा त्याचा. दोन-चार सफरी धड झाल्या की तोच पोरगा स्वतः पैसे घालणारा व्हायचा आणि पुढे महासभेतही बसायचा. समुद्रावर जीव टाकणाऱ्याला राज्यात जागा मिळत होती, त्यामुळे राज्याकडे माणसांची वाण नव्हती. त्याच जोरावर 'आर्सेनाले' ही सरकारी गोदी उभी राहिली. १५७४ मध्ये फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री पाहुणा आला असताना तिथे त्याच्या डोळ्यांदेखत एका दिवसात अख्खं गलबत जोडून तयार केलं होतं. मी गोदीत काम करते, म्हणून या गोष्टीचं मला विशेष वाटतं. सुटे भाग आधी ठरल्या मापाने करून रचून ठेवणं आणि गलबत एकेका ठाण्यावरून पुढे ओढत नेणं, हे त्यांना तेव्हा साधलं होतं.

आणि इथे माझ्या आजीची गोष्ट येते. आजीच्या गळ्यात पुतळ्यांची माळ होती. त्यातली एक पुतळी तिने मला लग्नात दिली. पातळ सोन्याचं नाणं, एका बाजूला दोन बाहुल्यांसारखी माणसं आणि मध्ये काठी. घरात सगळे म्हणायचे, राम आणि सीता. इथे आल्यावर कोर्रेर संग्रहालयात काचेमागे तेच नाणं दिसलं आणि मी जागची हलले नाही. तो व्हेनिसचा डुकाट. उभा आहे तो संत मार्को, गुडघे टेकलेला दोजे, मधली काठी झेंड्याची. १२८४ मध्ये पाडायला सुरुवात झालेल्या या नाण्याचं वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास, आणि राज्य बुडेपर्यंत त्याच्या सोन्याचा कस त्यांनी उतरू दिला नाही. मिरी आणि कापडाच्या बदल्यात ही नाणी अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्यावर येत राहिली. त्यांवरच्या बाहुल्यांमुळे आपण त्यांना पुतळ्या म्हटलं, आणि पुढे आपल्या सोनारांनी तशाच पाडायला घेतल्या. माझी पुतळी बहुधा त्या नकलांपैकीच आहे, तिच्यावरच्या लॅटिन अक्षरांच्या नुसत्या रेघोट्या झाल्या आहेत. पण मूळ ठसा इथलाच.

सोन्याचा कस पाचशे वर्षं सांभाळणाऱ्यांनी माणसांच्या बाबतीत उलटं केलं. १२९७ मध्ये महासभेचा कायदा बदलला. इतिहासात या बदलाचं नावच 'बंद करणं' असं पडलं आहे. ज्यांची घराणी तोवर सभेत बसली होती त्यांनाच आणि त्यांच्या वंशजांनाच पुढे हक्क. सुरुवातीला यात वाईट काही दिसलं नसेल, कारण त्या वेळी सभेतली माणसं उलट वाढली. जेनोआशी झालेलं जीवघेणं युद्ध संपल्यावर १३८१ मध्ये मदत केलेली तीस घराणी आत घेतली गेली, म्हणजे दाराला फट होती. पुढे तीही बुजली. १५०६ पासून सरदारांच्या मुलांचे जन्म आणि नंतर लग्नंसुद्धा नोंदली जाऊ लागली. या नोंदींचं नाव 'सोनेरी वही'. वहीत नाव असलं तर राज्य तुमचं, नसलं तर तुम्ही कितीही कर्तबगार असा, तुम्ही प्रजा. मराठी माणसाला हे समजावून सांगायला एकच शब्द पुरतो: वतन. त्यांनी आख्ख्या राज्याचं वतन केलं.

आणि वतनाचं जे होतं तेच झालं. वाटण्या पडून घर फुटू नये म्हणून अनेक घराण्यांत एकाच भावाचं लग्न होई, बाकीचे तसेच राहत, बहिणींना मठात धाडत. सोळाव्या शतकात अडीच हजारांच्या आसपास असलेले सभेचे हक्कदार शेवटाला हजार-अकराशेवर आले. त्यांतले कितीतरी कफल्लक झाले होते. सान बार्नाबा भागात सरकारी आसऱ्यावर राहणारे हे गरीब सरदार, 'बार्नाबोत्ती' म्हणत त्यांना, हाताने काम करणं कमीपणाचं म्हणून करत नसत आणि आपलं मत विकून दिवस काढत. आजोबा-पणजोबा समुद्रावर गेले होते, नातवंडं जमिनीच्या खंडावर आणि जुगाराच्या टेबलावर जगू लागली.

दादा यावर वास्को द गामाचं नाव घेईल, व्हेनिसचा मिरीचा धंदा त्याने बुडवला म्हणेल, हे मला ठाऊक आहे. पोर्तुगीज १४९८ मध्ये कालिकतला पोहोचले, ती बातमी इथे आली तेव्हा रिआल्तोच्या व्यापाऱ्यांचं धाबं दणाणलं. १५०८ मध्ये आमच्याच चौलच्या खाडीत इजिप्तच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवलं. पुढच्याच वर्षी दीवला इजिप्तवाले हरले, आणि मिरीच्या त्या लढाईचे पडसाद थेट व्हेनिसच्या बाजारात उमटत होते. हे सगळं खरं. पण सोळाव्या शतकाच्या मध्यावर तांबड्या समुद्राच्या वाटेने मिरी पुन्हा येऊ लागली होती आणि व्हेनिसचा धंदा सावरला होता. धक्के सोसायची ताकद होती. सायप्रस तुर्कांकडे गेलं ते १५७१ मध्ये. १६३०-३१ च्या प्लेगात शहरातली जवळपास तिसऱ्या हिश्श्याची माणसं मेली. क्रीट बेटावरच्या कँडिया शहराचा वेढा एकवीस वर्षं चालला आणि १६६९ मध्ये क्रीट गेलं. दर वेळी जे गमावलं ते भरून काढायला नवी माणसं, नवं रक्त हवं होतं, आणि वही मिटलेली होती.

बरं, ती उघडली तेव्हा कशी उघडली ते पाहा. क्रीटच्या युद्धाला पैसा लागला म्हणून १६४६ पासून सरदारकी विकायला काढली. भाव एक लाख डुकाट. मानिनच्या पूर्वजांनी १६५१ मध्ये अशीच विकत घेतली होती. युद्धात लढलेल्या खलाशाला, गोदीतल्या कुशल सुताराला, क्रीटमध्ये सर्वस्व गमावलेल्याला ते दार उघडलं नाही, थैलीवाल्याला उघडलं. बंद दारापेक्षाही मला याची जास्त चीड येते. पुढे १७७५ मध्ये पादोवा, व्हेरोना, ब्रेशा या व्हेनिसच्या ताब्यातल्या मुलखातल्या चाळीस घराण्यांना या म्हणून सांगितलं, तर जेमतेम दहा-एक अर्ज आले. साडेतीनशे वर्षं ज्यांना नुसता कर भरायला लावला त्यांना आता त्या वहीची मातब्बरी वाटत नव्हती. १७९७ च्या मार्चमध्ये बेर्गामो आणि ब्रेशा उठले आणि हातचे गेले. गेत्तो या वेगळ्या वस्तीतल्या ज्यूंना तर १५१६ पासून रोज रात्री फाटकाआड कोंडत. राज्य पडल्यावर दोनच महिन्यांत, १० जुलैला, ती फाटकं चौकात जाळली आणि लोक त्याभोवती नाचले. त्यांच्यासाठी १२ मे हा सुतकाचा दिवस का असावा?

मला सगळ्यात जास्त हलवते ती मात्र पेरास्तची हकीकत. आजच्या माँटेनेग्रोच्या किनाऱ्यावरचं हे छोटं गाव. व्हेनिसच्या नौकेवरचा झेंडा राखण्याचा मान इथल्या लोकांचा. ऑगस्ट १७९७ मध्ये ऑस्ट्रियाचं सैन्य येणार हे कळल्यावर गावाने तो झेंडा चर्चमधल्या वेदीखाली पुरला. त्यांच्या कप्तानाने व्हेनिसच्याच बोलीत निरोप दिला, "ती कोन नू, नू कोन ती", तू आमच्यासंगं, आम्ही तुझ्यासंगं. सारा गाव रडला. यांतल्या एकाचंही नाव सोनेरी वहीत नव्हतं. ती वही त्याआधी ४ जूनला सान मार्कोच्या चौकात जाळून झाली होती.

आता दादा, विजयदुर्गाकडे ये. कान्होजी सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख, झाले ते कर्तबगारीवर. त्यांच्या जहाजांवर कोळी होते, भंडारी होते, मुसलमान होते, प्रसंगी फिरंगीही होते. १७२९ मध्ये ते गेले आणि आरमार मुलांची मिळकत झालं. थोरल्या सेखोजीनंतर भावाभावांत फाटलं. मानाजी कुलाब्याला, संभाजी विजयदुर्गला, आणि दोघांनी एकमेकांविरुद्ध पोर्तुगीजांची, इंग्रजांची, पेशव्यांची मदत घेतली. विजयदुर्गाखाली आग १७५६ मध्ये लागली, पण त्याआधी वीस-बावीस वर्षं ते आरमार एक राहिलंच नव्हतं. नानासाहेबांची चूक मी झाकत नाही. समुद्रावर परक्याला आणून आपली ताकद मोडणं ही चूकच, आणि फार महागात पडलेली. माझं म्हणणं एवढंच, की फितूर कोण हे शोधताना आपण हे विचारायचं विसरतो की ते आरमार वाचवण्यात ज्यांचा फायदा होता अशी माणसं उरली किती होती. जहाज वल्हवणाऱ्या कोळ्याला त्या भाऊबंदकीत कोणी विचारलं होतं का?

व्हेनिसच्या प्रांतात, व्हेनेतोत, आजही गच्च्यांवर सिंहाचे झेंडे दिसतात. मे १९९७ मध्ये, राज्य बुडाल्याला दोनशे वर्षं व्हायला तीन-चार दिवस असताना, आठ जणांनी घरी बनवलेली चिलखती गाडी बोटीतून चौकात आणली आणि सान मार्कोच्या मनोऱ्यावर चढून झेंडा लावला. सकाळी पोलिसांनी त्यांना उतरवलं. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये प्रांताच्या स्वायत्ततेवर मत घेतलं तेव्हा मतदान करणाऱ्यांपैकी अठ्ठ्याण्णव टक्क्यांनी हो म्हटलं. सिन्योराही उत्साहाने जाऊन आल्या. "आमचं आम्हाला द्या" या मागणीबद्दल मला आकस नाही, रोमला दूरचं कळत नाही हे खरं आहे. पण त्याच गच्च्यांखालच्या रस्त्यांवरून पहाटे मार्गेराच्या गोदीकडे निघणारी माणसं बांगलादेशची आहेत, सेनेगलची आहेत, रुमानियाची आहेत. जहाजं ती जोडतात. १९५१ मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास वस्ती असलेलं जुनं शहर आज पन्नास हजारांच्याही खाली आलं आहे, कारण घरं पर्यटकांना दिली जातात. पैशाला दार उघडं आहे, राहायला येणाऱ्याला नाही. १६४६ मध्ये होतं तसंच.

माझी लेक इथे जन्मली. अकरा वर्षांची आहे, सिन्योरांची बोली माझ्यापेक्षा छान बोलते. कायद्याने ती परदेशी. जन्मापासून सलग इथे राहिली तर अठराव्या वर्षी तिला नागरिकत्व मागता येईल, आणि तेही एका वर्षाच्या आत. मला दहा वर्षांनंतर अर्ज करता आला असता, पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही आणि तो पासपोर्ट हातावेगळा करायला माझं मन अजून धजत नाही. जून २०२५ मध्ये ती दहा वर्षांची अट पाच करावी म्हणून सार्वमत झालं. निम्म्या मतदारांनी यायला हवं होतं, आले तीस टक्क्यांच्या आसपास. गणसंख्येअभावी फेटाळलं. १२ मेच्या सभेतही गणसंख्या नव्हती, हे मला त्या रात्री आठवत राहिलं. राज्य मोडताना तिचा अडथळा झाला नव्हता.

म्हणून दादा, "बाहेरच्यांना दार लावा" हे वाक्य मला सोसवत नाही. अलिबागच्या जमिनीचं दुःख मला कळतं. वाड्या तोडून भिंती घातल्या जातात, समुद्राकडे जायच्या पायवाटा बंद होतात, आपल्याच गावात आपल्याला फाटकाशी थांबून विचारावं लागतं. याला आळा घालायलाच हवा, आणि तो पैशाला घालायला हवा. पण आपल्या वाडीत नारळ उतरवायला येणारा, बोटीवर जाळी ओढायला येणारा, दहा-दहा वर्षं रेवदंड्यात राहून मुलांना मराठी शाळेत घालणारा, त्याला त्याच रांगेत उभं करू नकोस.

आणि दार लावायचं म्हणतोस तेव्हा आत कोण, हेही तूच ठरवतोस. बाबा गेल्यावर वारसनोंद झाली, सातबाऱ्यावर तुझ्याबरोबर माझं नाव लागलं. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना मुलांइतकाच हक्क महाराष्ट्रात १९९४ पासून आहे. तरी तुझा कागद आला आहे, हक्कसोडपत्राचा. मिलानच्या वाणिज्य वकिलातीत साक्षांकित करून पाठव म्हणतोस, "बहिणी देतातच". आत्यांनी दिलं, काकूंच्या माहेरी दिलं, मला माहीत आहे. तू मनाने वाईट नाहीस, रीत आहे म्हणून मागितलंस.

मी सही करणार नाही. मला वाडीतला वाटा विकायचा नाही, मोजणी करायची नाही, नारळाचे पैसे नकोत, घराची डागडुजी निघाली तर माझा हिस्सा पाठवीन. नाव मात्र राहू दे. पुढच्या मे महिन्यात लेकीला घेऊन येते. तिला रेवदंड्याच्या किल्ल्यातल्या सातखणीच्या मनोऱ्यापासून समुद्र दाखवायचा आहे, आणि तलाठ्याकडे जाऊन तो उतारा तिच्या हातात द्यायचा आहे. मराठी वाचायला ती आता शिकली आहे.